डाख दिलेला अणू

मित्रांनो, मी एक जुना अणू आहे. खरा नव्हे, वर्गात दाखवायचा. कार्बनचा. मधोमध लाल-पिवळ्या मण्यांचा लिंबाएवढा गोळा, त्याभोवती तांब्याच्या तारेच्या दोन कड्या आणि कड्यांवर सहा निळे मणी. सध्या मी जळगावला, पिंप्राळ्यातल्या एका घरात, काचेच्या कपाटात असतो. तिथे मी नुसता चकाकतो.

चारुलताबाई असोद्याच्या शाळेत विज्ञान शिकवत. त्यांचे पती हितेंद्रभाऊ विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करत. उन्हाळ्यात केळीला पाणी हवं आणि विजेला दाब नाही, की त्यांच्या दुकानापुढे मोटारींची रांग लागे. अशाच एका मोटारीच्या जुन्या तारेला पीळ देऊन त्यांनी माझ्या कड्या केल्या.

बाईंनी आधीच बजावलं होतं, "कड्या नुसत्या अडकवा हं. मला त्या वर्गात काढून दाखवायच्यात."

"अन् सुटून पडल्या तर? मास्तरीणबाईचा नवरा मोटारी बांधतो अन् अणू ढिला, असं म्हणतील पोरं. नाही जमायचं," भाऊ म्हणाले. बाईंना त्यांनी कड्या धरायला लावल्या आणि प्रत्येक सांध्यावर शिसं वितळवून पक्का डाख दिला. बाईंनी कपाळाला हात लावला, पण हसल्याही. मलाही तेव्हा फार बरं वाटलं. आपण आता कधी मोडणार नाही, असं वाटलं.

नववीच्या वर्गात बाई आधी टेबलावर एक काचेची गोटी ठेवत. "डाल्टन म्हणाले, अणू असा. भरीव, न फुटणारा." मग गोटी बाजूला सारून टरबुजाची फोड ठेवत. "थॉमसन यांना इलेक्ट्रॉन सापडला. मग गोटी कशी चालेल? ते म्हणाले, गरात बिया, तसे अणूत इलेक्ट्रॉन." पुढे थॉमसन यांच्याच विद्यार्थ्याने, रदरफोर्ड यांनी, सोन्याच्या पातळ पत्र्यावर बारीक कणांचा मारा केला. बहुतेक कण आरपार गेले, मोजके मात्र उलटून मागे आले. म्हणजे आत बराचसा पोकळपणा, आणि मधोमध काहीतरी छोटं, जड. फोडही गेली. मग बोर यांनी इलेक्ट्रॉनना ठरलेल्या वाटा दिल्या, आणि बाई मला उचलून धरत.

एकदा रूपा नावाची मुलगी वैतागून म्हणाली, "बाई, हे दरवेळी बदलतंच का? एकदाचं काय ते ठरवून टाकावं ना!"

"ठरवून टाकलं असतं, तर आपण अजून गोटीवरच बसलो असतो, रूपा," बाई म्हणाल्या. सगळा वर्ग हसला.

पण खरं अवघड पुढे होतं. बोर यांच्या वाटाही टिकल्या नाहीत. इलेक्ट्रॉन ठरल्या रस्त्याने फिरत नाही. तो कुठे असण्याची शक्यता जास्त, एवढंच सांगता येतं. शिवाय माझा गोळा लिंबाएवढा धरला, तर निळे मणी पार गावाबाहेर हवेत. बाईंना इथे माझ्या कड्या काढायच्या असत. त्या निघत नसत. "कड्या नाहीत असं समजा," बाई म्हणत. डोळ्यांपुढे चकाकणारी वस्तू नाही असं कोण समजेल? मुलं परीक्षेतल्या आकृतीत कड्याच काढत.

"माझ्या वर्गातून पोरं कड्याच घेऊन जातात हो," पेपर तपासताना बाई म्हणत. "सोडवून द्या ना एकदा."

"एवढा उन्हाळा जाऊ दे," भाऊ म्हणत. उन्हाळे येत गेले. मग बाई आजारी पडल्या, आणि एका पावसाळ्यात त्या गेल्या.

भाऊंनी मला शाळेतून घरी आणलं. आता ते मला चिंचेने घासतात. शाळेत असताना मी कधी एवढा उजळ नव्हतो.

परवा रूपा आली. आता तीच त्या शाळेत विज्ञान शिकवते. म्हणाली, "भाऊ, हा शाळेत द्या. कड्या काढून शिकवते. बाईंच्या मनात तेच होतं."

भाऊ उठले. त्यांनी सोल्डरिंग गन लावली. टोक तापलं. ते त्यांनी माझ्या सांध्याशी आणलं, शिसं लकाकलं, ओघळणार तेवढ्यात त्यांनी हात मागे घेतला.

"मी डाख देत होतो, तेव्हा ही कडी तिनं धरली होती," ते म्हणाले. "बोटं भाजतील म्हणून ओरडलो होतो मी तिला. नाही व्हायचं माझ्याच्यानं."

रूपाने चहा संपवला आणि ती रिकाम्या हाताने गेली.

मित्रांनो, भाऊंचा मला राग नाही. पण माझ्या आधीच्या प्रत्येक अणूला कुणीतरी धीर करून मोडलं, म्हणून पुढचा जन्मला. मला मात्र इतकं जपलं, की बाईंचा धडा अर्धाच राहिला. तुम्ही कधी पिंप्राळ्याला आलात, तर भाऊंकडे जा. मी किती सुंदर आहे, असं त्यांना म्हणू नका. ते सगळेच म्हणतात. त्यांच्याजवळ जरा वेळ बसा, बाईंची आठवण काढा, आणि मग हळूच सांगा, की हा अणू चुकीचा आहे.