बांडीच्या वाट्याची भाकरी

दोन हजार तेराचा उन्हाळा. नेकनूरकडच्या विहिरींचे तळ उघडे पडले होते आणि गावच्या दूध संस्थेने माळावर जनावरांची छावणी काढली होती. चेअरमन विठ्ठलराव. "जनावर बाजारात नेऊ नका, चारा मी आणतो," असे त्यांनी घरोघर जाऊन सांगितले, आणि त्या एका शब्दावर लोकांनी आपली दावी तिथे नेली.

नेमके तेव्हाच त्यांचे काळीज बेताल धावू लागले. गोळ्यांनी ठोका ताळ्यावर येईना. औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, मांडीच्या शिरेतून तार आत नेऊ आणि ठोका बिघडवणारी जागा डागू.

"लंगड्या बैलाला डागतेत तसं?" विठ्ठलरावांनी विचारले.

"तसंच. फक्त आतून."

काम सुरळीत झाले. निघताना डॉक्टरांनी त्यांच्या बायकोला, केसरबाईंना, बाजूला घेतले. "काळजाच्या मागे अन्ननळी अगदी लागून असते. क्वचित तिलाही आच लागते, अन् ते लगेच कळत नाही. पुढच्या महिना-दीड महिन्यात ताप आला, घास गिळताना दुखलं, तर गावात औषधं करत बसू नका. थेट इकडे या."

केसरबाईंनी ते मनात पक्के बांधून ठेवले. पण मालक आठवडाभरही घरात टिकले नाहीत.

"आवो, पडून राहा की अजून."

"मी पडलो की निम्मी जनावरं खाटकाकडं जातेत, बघ."

ते छावणीत मुक्कामाला गेले. संस्थेत दूध मोजणारे म्हातारे आश्रुबा सकाळी सायकलवर डबा न्यायचे, दिवेलागणीला परत आणायचे. केसरबाई आधी झाकण उघडून बघत. डबा रिकामा असे.

"वैनी, चाटूनपुसून धाडलाय. छावणी मानवली चेअरमनला!"

"अंगात ताप-बिप न्हाई ना?"

"या उन्हात पत्रा बी तापतोय, तिथं माणसाचं काय घेऊन बसलाव?"

केसरबाई हसल्या. रिकामा डबा घासताना त्यांना बरे वाटे. दुष्काळातही मालकांची भूक शाबूत होती.

मग एके सकाळी टँकरपाशी भिवराबाई भेटली. तिच्या दोन म्हशी छावणीत होत्या.

"थाट हाय बाई तुमच्या बांडीचा! आमच्या म्हशीला कडब्याचं धाट मिळंना, अन् तुमच्या गायीला रोज भाकरी."

"कोण घालतंय?"

"कोण म्हंजी? मालकच. सोता नुसतं ताक पितेत."

घागर तिथेच ठेवून केसरबाई माळाकडे निघाल्या. विठ्ठलराव ताडपत्रीखाली, भर उन्हात घोंगडी पांघरून कुडकुडत होते.

"कावून लपवलं?"

"चाऱ्याच्या गाड्या यायच्या व्हत्या. त्या आल्या की सांगणार..." पुढचे शब्द त्यांच्या जिभेवर अडखळले. डावा हात उचलेना.

वाटेतून फोन केला होता; जीप औरंगाबादला पोचली तेव्हा डॉक्टर दारातच उभे होते. अन्ननळी आणि काळीज यांच्यामध्ये भोक पडले होते, तिथून हवा रक्तात शिरून मेंदूपर्यंत गेली होती. छाती उघडून शस्त्रक्रिया केली. विठ्ठलराव शुद्धीवर आलेच नाहीत.

"गिळताना कधीपासून दुखत होतं?" डॉक्टरांनी विचारले. "डबा तर रोज रिकामा यायचा," केसरबाई म्हणाल्या.

छावणी पाऊस येईपर्यंत चालली. एकही जनावर बाजारात गेले नाही. संस्था पुढे बंद पडली. तिच्या खोलीत आता पिठाची गिरणी आहे. आश्रुबांनी त्या दिवाळीला दुधाचे माप खाली ठेवले आणि उमापूरला लेकीकडे गेले, तिथेच वारले. भिवराबाई आपल्याच तोंडून वाईट कळले म्हणून कितीतरी दिवस केसरबाईंच्या अंगणात आली नाही. आता येते, चहा घेते, त्या उन्हाळ्याबद्दल बोलत नाही.

बांडीला पुढे दोन कालवडी झाल्या. म्हातारी झाली तरी डब्याचे झाकण वाजले की ती मान वर करायची. केसरबाईंनी तिला विकले नाही. भाकरी मात्र कधी घातली नाही.