शिडीचं टोपडं

मास्तरांची काठी भिंतीला टकटक करत आली की मावशीचे पाय शिवणयंत्रावर आपोआप थांबायचे. खिडकीतून दोन शब्द व्हायचे आणि मास्तर पुढे गाण्याच्या वर्गाला जायचे. आता सासरी गेलेल्या गल्लीतल्या पोरी खिडकीखालच्या फुटपाथवर दोरीच्या उड्या मारायच्या, तेव्हापासूनचा हा नेम. दिसत नसूनही मास्तर तिथं कधी अडखळले नव्हते.

मग मावशीच्या वायरमन मुलानं टेम्पो घेतला. रस्त्यावर कोणी घासून जाईल म्हणून तो फुटपाथवर, थेट खिडकीखाली लागला. "डोळ्यांसमोर राहू दे," असं मावशीनंच सांगितलं होतं.

टेम्पोतून शिडीचं टोक हातभर बाहेर आलेलं. मास्तरांची काठी त्याच्या खालून मोकळी फिरली आणि शिडी कपाळात बसली.

मावशी हळहळली. जुन्या रजईचा कापूस काढून तिनं गुबगुबीत उशी शिवली आणि शिडीच्या टोकाला बांधली.

"टोपडं घातलंस की शिडीला," मुलगा हसला.

दुसऱ्या दिवशी तिनं मास्तरांचा हात धरून उशीवर ठेवला. "बघा, आता आपटलात तरी लागायचं नाही."

मास्तरांनी टाके चाचपले. "शिवण सुरेख आहे, वहिनी. म्हणजे मी आपटायचं, हे ठरलंच म्हणा."

मावशीनं त्यांचा हात सोडला.

"मुलगी म्हणते, पुन्हा लागलं तर वर्ग बंद, एकट्यानं बाहेर पडायचं नाही," असं म्हणून ते फुटपाथ उतरले आणि रस्त्यावरून गेले. मागून गाड्यांचे हॉर्न वाजत राहिले. इतकी वर्षं मान वर करून बोलणाऱ्या मावशीला त्या खिडकीत उभं राहवेना.

संध्याकाळी ती मुलाला म्हणाली, "टेम्पो मैदानाकडे लाव."

"इतक्या लांब? येताना काय उडत येऊ?"

"चालत ये. तुला दिसतं ना?"

सकाळी फुटपाथ मोकळा होता. तरी मास्तर मावशीच्या घराच्या अलीकडेच रस्त्यावर उतरले.

"मास्तर, वर या," मावशीनं खिडकीतून हाक मारली. "टेम्पो काढायला लावला."

"आजच्यापुरता का, वहिनी?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"नाही हो. कायमचा," ती कशीबशी म्हणाली.

मास्तर वर आले. काठी भिंतीला लागली. पण दुसरा हात त्यांनी कपाळापुढे धरला होता, आणि मावशीची सगळी भिंत संपेपर्यंत तो खाली आला नाही.