बाबांचा चेहरा विकला गेला

मी एक जुना कॅमेरा आहे, मित्रांनो, आणि माझा राग अजून गेलेला नाही. जुन्या वस्तूंनी गोड बोलावं, चार आठवणी सांगाव्यात आणि गप्प बसावं, अशी तुमची अपेक्षा असते. मला ते जमणार नाही.

माझा जन्म कारखान्यातला. हातमोजे घातलेल्या बायकांनी माझे बारीक स्क्रू बसवले. दुकानातून मला एका मुलीने घरी आणलं. घरात तिला ठमी म्हणत. तिचे बाबा आयुष्यभर लेथ मशीनवर काम करून निवृत्त झाले होते. त्यांनी मला हातात तोलून पाहिलं आणि म्हणाले, "वजन आहे याला. टिकेल." ते माझं पहिलं कौतुक.

पोटासाठी ठमी विक्रीचे फोटो काढायची. कुणी मागितलेले नसताना फोटो काढून ठेवायचे आणि एजन्सीमार्फत ज्याला हवे त्याला, हव्या त्या कामासाठी विकायचे, असा तो धंदा. पांढऱ्या कागदावर ठेवलेलं सफरचंद. फोनकडे बघून उगाच हसणारी बाई. एकच दाढीवाला सकाळी डॉक्टर व्हायचा आणि जेवण झालं की वकील. मला कंटाळा यायचा, पण तक्रार नव्हती. घर त्यावरच चालत होतं.

रविवार मात्र आमचा होता. बाबा खिडकीपाशी दाढी करत, कपाळावर चढवलेला चष्मा घरभर शोधत, शर्टाची बटणं वरखाली लावत, आणि ठमी माझ्यातून बघत राहायची. आई गेल्यानंतर एका दुपारी ते नुसतेच बसले होते. अर्धा चेहरा तळहाताने झाकलेला, एक डोळा उघडा. ठमीने हळूच बटण दाबलं. असा फोटो आम्ही दोघांनी पूर्वी कधी काढला नव्हता. या फोटोंचं एक दिवस प्रदर्शन भरवायचं, असं ती म्हणायची.

मग एजन्सीचा माणूस आला. "मॅडम, खोटे आजोबा पुरे झाले. खरं म्हातारपण खपतं. आहे का काही?"

त्या वर्षी काम थंडावलं होतं. ठमीने तो फोटो दिला. बाबांपुढे संमतीचा कागद ठेवून म्हणाली, "इथे सही करा." मुलीच्या हातातला कागद कुठला बाप वाचतो? त्यांनी सही केली.

पुढे एकदा बाबांना डोळे तपासायला नेऊन आम्ही परत येत होतो. मी ठमीच्या खांद्यावर होतो. बसथांब्यावर बाबा थबकले. समोर तेच होते, माणसापेक्षा मोठे, अर्धा चेहरा झाकलेले. खाली एका वृद्धनिवासाची जाहिरात होती: 'म्हातारं माणूस घरात ओझं झालंय? आमच्याकडे सोपवा.'

"ठमे, हा मीच ना?"

ठमी त्यांचा दंड धरून त्यांना पुढे नेऊ लागली.

"ओझं झालो असेन तर घरात सांगायचंस. रस्त्यावर कशाला?"

"बाबा, ते वाक्य माझं नाही हो."

"आणि फोटो?"

दुसऱ्या दिवशी ती एजन्सीत गेली, रडली, भांडली. तो माणूस खुर्चीत रेलून म्हणाला, "तुम्हीच दिलात ना? फोटो विकला की तो कुणाचा बाप नसतो, मॅडम. मुदत संपली की जाहिरात उतरेल."

माझा संताप झाला. पण माझ्याजवळ फ्लॅश होता, हात नव्हते.

घरी येऊन तिने मला कपाटात कोंबलं आणि विक्रीच्या कामासाठी नवा, हलका कॅमेरा आणला. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी! दमट अंधारात माझ्या भिंगावर बुरशी चढली. बाहेर बाबा ठमीशी कामापुरतं बोलत. भाजीवाली त्यांना थट्टेने विचारायची, "आजोबा, कधी निघालात तिकडे?" ते पिशवी रिकामीच घेऊन परतायचे.

एका सकाळी कपाट उघडलं. इस्त्रीचा शर्ट घातलेले बाबा होते. त्यांनी मला ठमीच्या पुढ्यात आदळलं. "ऊठ. चल."

बसथांब्यावर ते जाहिरातीला खेटून उभे राहिले. रांगेतली एक बाई म्हणाली, "अगबाई, हे तुम्हीच की!"

"मीच. मुलीजवळ राहतो. भाजी मी आणतो, गळका नळ मी दुरुस्त करतो. कुणाच्या बापाचं ओझं नाही मी! ठमे, काढ फोटो."

"बाबा, मला माफ..."

"माफीचं नंतर बघू. आधी हात स्थिर ठेव."

बुरशीमुळे एक कोपरा धुरकट आला. पण त्या फोटोत एक बाबा अर्धं तोंड झाकून होते आणि दुसरे जगाकडे डोळे वटारून बघत होते.

बाबांना विचारून ठमीने तो रविवारच्या फोटोंसोबत वाचनालयाच्या दालनात लावला. एजन्सीचा माणूस तिथेही आला. "हा द्या. तुफान खपेल."

"तुमचं काम सोमवारी पाठवते," ठमी म्हणाली. "यातलं काहीच मिळणार नाही."

बाबांनी तिला माफ केलं का, मला ठाऊक नाही. हल्ली मी समोर आलो की ते आधी विचारतात, "कशासाठी?" ठमीला दर वेळी उत्तर द्यावं लागतं. उत्तर पटलं नाही, तर ते उठून जातात.

मित्रांनो, तुमच्या फोनलाही माझ्यासारखाच डोळा आहे. झोपलेली आजी, रडणारा भाऊ, सगळं टिपा. पण तो फोटो इतरांना देण्याआधी त्या माणसाला विचारा. 'नाही' म्हणाला, तर फोन मुकाट्याने खिशात घाला. एवढंही जमत नसेल तर भिंतींचे फोटो काढा. भिंतीला चारचौघांत मान खाली घालावी लागत नाही.