माझ्या दुसऱ्या बाजूची गायिका

मी जुना झालो आहे हे तुम्हाला माझ्याकडे बघताच कळेल मित्रांनो, पण बहिरा मात्र झालेलो नाही. मी मायक्रोफोन आहे. हातात धरून नाचवायचा नव्हे; चांगला दुधाच्या बाटलीएवढा, जाळीदार, खांबावर बसवायचा. माझा जन्म न्यू जर्सीतल्या एका कारखान्यात झाला. माझ्या पोटात चुंबकांच्या मधोमध ॲल्युमिनियमची एक पट्टी आहे, केसाहूनही पातळ. आवाज आला की ती थरथरते. एवढंच माझं काम. ती पट्टी बसवणाऱ्या बायका श्वास रोखून काम करायच्या, आणि एखादीला शिंक आली की बाकीच्या तिला मनसोक्त शिव्या घालायच्या.

माझ्या जातीची एक खोड तुम्हाला सांगून ठेवतो. समोरून बोललेलं आणि मागून बोललेलं मला अगदी सारखं ऐकू येतं. कडेने बोललात तर काहीच येत नाही. पुढची बाजू मानाची आणि मागची कमी प्रतीची, असला भेद मला कधी समजला नाही. तो माणसांना समजतो.

मला विकत घेतलं नेब्रास्कातल्या एका छोट्या रेडिओ स्टेशनने. स्टेशन होतं बियाण्यांच्या दुकानाच्या माडीवर. मालक रॅसमुसन हा सदा घाईत असलेला, मनाने भला माणूस. सकाळी हवामान, दुपारी डुकरांचे आणि मक्याचे भाव, रविवारी चर्चमधलं प्रवचन, असा आमचा संसार. मी आलो त्याच दिवशी गावच्या नगराध्यक्षांनी, मी चालतो का ते पाहायला, माझ्या तोंडावर जोरात फुंकर मारली. पट्टी तुटली. "अहो, तो काय वाढदिवसाचा केक आहे?" रॅसमुसन ओरडला. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं, आणि माझे पहिले काही आठवडे दुरुस्तीतच गेले.

परत आलो तेव्हा कुबिक बहिणी गाऊ लागल्या होत्या. थोरली नोरीन, धाकटी ओपल. बाप शेतकरी, युरोपातल्या बोहेमियातून आलेल्या घराण्यातला. तो दुधाचे डबे पोचवायला गावात येई, त्याच गाडीतून या दोघी येत. दुपारचे भाव वाचून झाले की त्यांचं एक गाणं. लोक म्हणत, भाव पडले तरी पोरींचं गाणं ऐकून जेवण गोड लागतं.

माझ्या एका बाजूला नोरीन उभी राही आणि दुसऱ्या बाजूला ओपल, समोरासमोर, माझ्या जाळीतून एकमेकींकडे बघत. नोरीन मुख्य चाल म्हणे. तिचा आवाज उंच आणि साफ होता, आणि तो आवडायला काही शिकावं लागत नसे. ओपल त्याच शब्दांना खालून वेगळी चाल लावी. ही खालची चाल कुठल्या कागदावर नसे. ती ओपल स्वतः रचायची, गाडीत बसून, डब्यांच्या खडखडाटात.

एकदा टपालाने 'निळे हातमोजे' नावाच्या गाण्याचे कागद आले. गाडी चुकलेल्या मुलीचं साधंच गाणं होतं. ओपलने त्यात एक गंमत केली. गाण्याच्या मध्यावर एका ओळीला नोरीनने अगदी गप्प व्हायचं आणि ओळ एकट्या खालच्या आवाजाने म्हणायची. मग नोरीनने वरून पुन्हा यायचं.

"लोकांना वाटेल मी विसरले," नोरीन म्हणाली.

"वाटू दे. एक ओळ तोंड मिटून बसलीस म्हणून जीव जाणार नाही तुझा."

ते गाणं पहिल्यांदा म्हटलं त्या दुपारी शिकागोच्या एका तबकडी कंपनीचा माणूस गाडीने गावातून चालला होता. फेल्ड त्याचं नाव. गाडीतल्या रेडिओवर त्याने गाणं ऐकलं आणि थेट माडी चढून वर आला. बोलणं माझ्यासमोरच झालं. त्याला थोरली हवी होती. धाकटी नको होती. तिचा आवाज, त्याच्या मते, "घरगुती" होता. नोरीन म्हणाली, "ओपल, आधी मी जाते. जम बसला की तुला बोलावते. शपथ." ओपलने तिची पेटी जिन्यावरून खाली नेली.

मग एके दिवशी तबकडी आली. गायिकेचं नाव नोरीन वेल्स; कुबिक हे नाव लोकांच्या जिभेला जड जाईल असं कंपनीला वाटलं होतं. रॅसमुसनने ती कौतुकाने लावली. दोन आवाज आले, एक वरचा, एक खालचा. मधली ती ओळ आली, तिथे एकटा खालचा आवाज.

"अगं, तू कधी गेलीस शिकागोला?" रॅसमुसनने विचारलं.

"मी कुठली जाते? दोन्हीकडे तीच आहे," ओपल म्हणाली.

तेव्हा ही नवी युक्ती निघाली होती. गायिकेने एकदा गायचं, मग तेच कानाला लावून त्यावर दुसऱ्यांदा गायचं, आणि दोन्ही एकत्र करायचं. तबकडीवर तसं अभिमानाने छापलंच होतं: दोन्ही आवाज नोरीन वेल्स.

"पण ही चाल तर तुझी."

"हो. श्वाससुद्धा मी घ्यायची तिथेच घेतलाय बाईने." ओपलने गाणं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "लावा परत."

'निळे हातमोजे' देशभर गाजलं. मागोमाग 'मंगळवारचा पाहुणा' गाजलं, 'वाण्याचा पोपट' नावाचं एक खुळचट गाणं तर त्याहून गाजलं. ओपलला बोलावणं आलं नाही. ती आमच्याच स्टेशनवर नोकरीला लागली. दुपारी भाव वाचायची, गृहिणींना पाककृती सांगायची, आणि श्रोत्यांनी मागितलेल्या तबकड्या लावायची. लोक काय मागणार? आपल्या गावच्या नोरीनची गाणी. ओपल ती लावायची. "आता ऐका नोरीन वेल्स," एवढंच म्हणायची, आणि पुढे आलुबुखारच्या कोलाचींना, म्हणजे बोहेमियाकडच्या गोड पावांना, पीठ किती मळायचं ते सांगायची. खाटकाची बायको एकदा जिन्यात तिला म्हणाली, "बहीण मोटारीतून हिंडते आणि तू इथे पीठ मळतेस होय!" ओपल म्हणाली, "पीठ तरी माझं आहे." गाणं तिने बंदच केलं होतं. माझी एक बाजू रिकामी राहिली, आणि कोणाला त्याचं काही वाटलं नाही.

आणि एका ऑगस्टात काउंटीची, म्हणजे आमच्या जिल्ह्याची, जत्रा भरली, त्या जत्रेसाठी नोरीन गावी आली. आमच्या माडीवरून तिचा थेट कार्यक्रम व्हायचा होता. सोबत फेल्ड आणि चार वादक होते. इतर शहरांत नोरीन गाताना पडद्याआड एक भाड्याची मुलगी खालचा आवाज म्हणत असे आणि फोटोच्या आधी तिला मागच्या दाराने घालवत. ती मुलगी ओमाहात आजारी पडली होती.

फेल्ड ओपलजवळ आला. आवाजात साखर होती.

"मिस कुबिक, तुमच्यासारखं कोणाला जमणार? त्या कोठीच्या दाराआड तुमच्यासाठी वेगळा मायक्रोफोन लावतो. दार उघडंच ठेवू हवं तर."

"दाराआड आमच्याकडे झाडू ठेवतात, फेल्डसाहेब."

"समजून घ्या. दोन्ही आवाज नोरीनचे, असं लोकांना सांगितलंय."

"मग दोन्ही तिलाच गाऊ दे. माझी जागा ही इथे, मायक्रोफोनच्या या बाजूला. इथून गाईन, नाहीतर नाही गाणार."

नोरीन खाली बघत हातमोजे काढत होती. "एकाच गाण्यापुरतं, ओपल. लोक ऐकायला आलेत."

"इथल्या लोकांना माझा आवाज ठाऊक आहे. तुलाच आठवेनासा झालाय."

शेवटी फेल्डने ठरवलं की ती मधली ओळ क्लॅरिनेटवाला वाजवेल. आणि निवेदन ओपलचं काम असल्याने गाण्यानंतर काय वाचायचं तो कागद त्याने तिच्या टेबलावर ठेवला.

कार्यक्रम सुरू झाला. खोली गच्च भरली होती, जिन्यावर माणसं बसली होती. पोपटाचं गाणं झालं, पाहुण्याचं झालं. मग नोरीनने 'निळे हातमोजे' धरलं. सुरेख गायली. मधल्या ओळीपाशी ती थांबली आणि क्लॅरिनेटवाल्याने वाद्य ओठांना लावलं. नोरीनने हात पुढे करून त्याला थांबवलं.

आणि काहीच आलं नाही.

रेडिओवरच्या शांततेला स्टेशनचे मालक मरणासारखे भितात. काउंटीतल्या स्वयंपाकघरांत लोक उठून रेडिओला चापट्या मारू लागले असतील. रॅसमुसन पांढराफटक पडला. फेल्ड ओठांनीच "वाजव, वाजव" म्हणत होता. नोरीन जागची हलली नाही. ती माझ्या जाळीतून पलीकडे, जिथे कोणी नव्हतं तिथे बघत होती. मला सहसा मत नसतं मित्रांनो. आलेला आवाज पुढे पाठवायचा, बरा-वाईट ठरवायचा नाही. पण तेव्हा मला फार वाटलं, ओपलने यावं.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. लाकडी जमिनीवर चपटे बूट वाजले. ओपल आपल्या जागी येऊन उभी राहिली, तिने बहिणीच्या डोळ्यांत पाहिलं आणि ती ओळ म्हणाली. आवाज गंजला होता, पहिला शब्द चिरकला. दुसऱ्या शब्दाला तो सापडला. नोरीन वरून आली, आणि शेवटपर्यंत दोघी गायल्या.

टाळ्या थांबल्यावर ओपलने फेल्डचा कागद उचलला. नोकरी ती नोकरी. "आत्ता आपण ऐकलंत 'निळे हातमोजे'. दोन्ही आवाज..." ती अडखळली.

"खालचा आवाज ओपल कुबिकचा," नोरीन माझ्या त्या बाजूने म्हणाली. फेल्ड धावला, पण रॅसमुसन नेमका प्रक्षेपण बंद करायच्या बटणासमोर उभा होता आणि त्याला अचानक इंग्रजी कळेनासं झालं होतं. "माझी धाकटी बहीण. तबकडीवरची चालसुद्धा तिचीच आहे. मी फक्त पाठ केली आणि तिला बोलवायला विसरले. विसरले नाही. बोलावलं नाही."

ओपलने कागदाची घडी केली.

"बराच वेळ घेतलास," ती म्हणाली, तेही काउंटीभर ऐकू गेलं. "जेवायला घरी ये. आई वाट बघतेय."

तुम्हाला वाटेल, आता तबकडीवर ओपलचं नाव छापलं गेलं असेल. नाही छापलं. आमच्या स्टेशनचा आवाज नदीपलीकडे पोचत नव्हता. नोरीन जे बोलली ते आमच्या गावाने ऐकलं. शिकागोने ऐकलं नाही आणि फेल्डने सांगितलं नाही. पुढे गिटारवाल्या पोरांचे दिवस आले आणि नोरीनची गाणी मागे पडली. ती दर उन्हाळ्यात घरी येई, दुपारचे भाव झाले की दोघी माझ्या दोन बाजूंना उभ्या राहून गात. त्या गाण्यांची तबकडी कोणी केली नाही.

मग नवे, हलके मायक्रोफोन आले. मी कोठीत गेलो, झाडूशेजारी. रॅसमुसन गेला, नोरीन गेली, शेवटी ओपल गेली. ज्यांनी त्या दिवशी रेडिओला चापट्या मारल्या तेही एकेक करून गेले. स्टेशन बंद पडलं तेव्हा मला गावच्या संग्रहालयात नेऊन ठेवलं. तिथली बाई नवी आहे, परगावची. चांगली आहे. रोज मला मऊ फडक्याने पुसते. तिने माझ्या पायाशी एक सुबक चिठ्ठी लावली आहे: 'सुप्रसिद्ध गायिका नोरीन वेल्स यांचा मायक्रोफोन'. तिचा दोष नाही. तिला जे छापलेलं सापडलं तेच तिने लिहिलं.

जुन्या वस्तूंची निगा राखा, असं माझ्या वयाच्या वस्तूने सांगायचं असतं. माझी निगा उत्तम चालली आहे, माझ्यासाठी काही नको. पण त्या चिठ्ठीवर नोरीनच्या नावाच्या खाली बोटभर जागा कोरी आहे, आणि माझ्या काचेच्या पेटीला कुलूप नाही. मित्रांनो, तुमची सहल इकडे आली तर येताना एक पेन्सिल घेऊन या. ओपल कुबिक. पहिला ओ, ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तरी चालेल.