देवीची हिरवी साडी

वर्षाली जुने कपडे विकते. असं म्हटलं की तिला राग येतो. जुने नव्हे, ‘प्री-लव्ह्ड’, म्हणजे आधी कोणीतरी प्रेम केलेले. पुण्यातल्या बायकांनी दोनदा नेसून कंटाळून काढलेल्या साड्या आणि कोपरे झिजलेल्या पर्सा ती देवबागच्या आपल्या होमस्टेत माडाला टांगते, फोटो काढते आणि पुण्यातल्याच दुसऱ्या बायकांना विकते. खपली नाही त्या साडीचे काठ कापून पिशव्या शिवते, आणि पिशवी साडीहून महाग. विकणारीला हसावं की घेणारीला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ती माझ्या पुतण्याची, स्वरूपची बायको, लग्न होऊन पुण्याहून आलेली, त्यामुळे हे सगळं मान डोलावून ऐकावं लागतं.

दसरा झाला की आमच्या देवळात देवीला आलेल्या साड्यांचा लिलाव होतो. पुकारा मी करतो आणि साडी घेणाऱ्यासाठी देवीला गाऱ्हाणंही, म्हणजे सगळ्यांच्या वतीने मागणं, मीच घालतो. एक रीत गावात सगळ्यांना ठाऊक आहे. पोटुशीसाठी कोणी साडी मागितली की बाकीच्यांनी गप्प बसायचं.

यंदा मासे विकणाऱ्या यशोदाने हिरवी साडी मागितली. तिची सून संचिता. दोनदा पोट पडलेलं, आता सातवा लागणार. देवीच्या साडीत सुनेची ओटी भरायची, एवढं एकच यशोदाच्या डोक्यात होतं. देऊळ गप्प झालं आणि मागून वर्षालीने बोली वाढवली. सगळे वळून बघायला लागले, तर बाईसाहेबांना वाटलं, कौतुकच चाललंय.

तिथेच ‘तीन वार’ म्हणून साडी यशोदाला दिली असती तर कोणी ब्र काढला नसता. पण मला हुक्की आली. म्हटलं, हिला चांगली अद्दल घडवू. यशोदा दोन बोलींनंतर थांबली आणि साडी वर्षालीला गेली. मग मी गाऱ्हाणं घातलं.

“बा देवी माये, ही तुजी लेक ह्या वस्त्र सोताच्या अंगार नेसतली. कापूची नाय, इकूची नाय.”

“व्हय म्हाराजा,” सगळे म्हणाले. सगळ्यात मोठ्याने वर्षाली म्हणाली, कारण ती मोबाइलवर चित्रण करत होती आणि एक अक्षर ऐकत नव्हती. माझी कॉलर ताठ झाली. गाऱ्हाण्यातला शब्द मोडायची आमच्या गावात कोणाची छाती नाही. यशोदाला मी बाजूला घेऊन सांगितलं, काळजी करू नको, साडी विकताच येणार नाही म्हटल्यावर आठ दिवसांत ती तुझ्या दारात आणून देईल.

चौथ्या दिवशी स्वरूप मोबाइल नाचवत आला. व्हिडिओत मी ‘बा देवी माये’ म्हणतो आणि लगेच सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. मधलं सगळं उडवलेलं. खाली लिहिलंय, मानकऱ्यांच्या आशीर्वादासह. साडीच्या चार पिशव्या झाल्या होत्या आणि दुपारपर्यंत चारही गेल्या होत्या. माझा आवाज गिऱ्हाइकांना फार आवडला, असं तो म्हणाला. पुढच्या वेळी प्रत्येक पिशवीसाठी वेगळं गाऱ्हाणं घालाल का, असं वर्षालीने विचारलं होतं. देवीने तिचं काही केलं नाही. साधं पडसंसुद्धा झालं नाही तिला.

आठव्या दिवशी यशोदा आली. डोक्यावरची माशांची पाटी खाली न ठेवता दारापुढच्या खळ्यातच उभी राहिली. मी घाईघाईने म्हटलं, कणकवलीहून नवीकोरी साडी आणतो, हवी ती. तिने नको म्हणून मान हलवली. व्हिडिओ तिनेही पाहिला होता. वर्षालीला ती बोल लावेना. तिला रीत ठाऊक नव्हती, म्हणाली. मग माझ्याकडे बघितलं.

“सहदेवानू, तुमका तिची जिरवूची होती. माका साडी व्हयी होती.”