चाळीस फुटी रस्ता

बीदरहून भालकीकडं जाणाऱ्या रस्त्याला शरणबसवची दोन एकर जमीन होती. तो असतानाच त्यानं तिच्या बिनशेतीचे कागद करून घेतले होते. प्लॉट पाडायचे आणि दोन्ही पोरींच्या शिक्षणाची सोय लावायची, असं त्याच्या डोक्यात होतं. मंजुरीचा अर्ज जायच्या आधीच एका दुपारी दवाखान्यात नेताना तो वाटेत गेला. घरच्या रीतीप्रमाणं त्याला त्याच रानात, कडुलिंबाजवळ समाधी दिली. तांबडा, कडक मुरूम खणायला चार माणसांना अर्धा दिवस लागला.

तीन वर्षांनी त्याचा धाकटा भाऊ गुरुबसव अर्जाच्या मागं लागला. जमीन आता शरणबसवची बायको सुधारानी हिच्या आणि पोरींच्या नावावर होती, त्यामुळं प्रत्येक कागदावर सही तिची लागे. ती सही करायची. कशावर, हे विचारायची नाही. नवरा गेल्यापासून ती अशीच झाली होती. स्वयंपाक करायची, पोरींच्या वेण्या घालायची, विचारलं तेवढंच बोलायची.

नकाशा काढणारा विलास मात्र तिला समोर बसवून सगळं सांगायचा. "अक्का, दोन एकराचे सगळे प्लॉट होत न्हाईत. रस्ते सोडावे लागतात, दहावा हिस्सा पार्कला सोडावा लागतो. रस्ते आन् पार्क सरकारच्या नावावर जातात. मी काय केलंय, पार्क बरोबर समाधीवर धरलाय. अण्णांना कुणी हलवणार न्हाई."

"बरं," ती म्हणाली.

नकाशा दोन महिन्यांनी कचेरीतून परत आला. गुरुबसव तिला घेऊनच तिथं गेला. नियोजन अधिकारी वयस्क होते, आवाज न चढवता बोलणारे. त्यांनी शेजारच्या लेआउटचा नकाशा तिच्या नकाशाला चिकटवून टेबलावर पसरला. शेजारचा चाळीस फुटी रस्ता तिच्या बांधापाशी येऊन थांबला होता.

"हा रस्ता तुमच्या जागेतून सरळ पुढं गेला पाहिजे," ते म्हणाले. "पलीकडच्या जमिनींनाही वाट लागते. पार्क दुसऱ्या कोपऱ्यात घ्या."

"साहेब, तिथं आमच्या अण्णाची समाधी हाय," गुरुबसव म्हणाला. "थोडा वळवून घेतला तर?"

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "मी वळवला तरी वरून परत येईल. समाधी हलवायची तर तहसीलदारांची परवानगी काढा. मी पत्र देतो."

बाहेर आल्यावर गुरुबसव रडायला लागला. सुधारानीनं त्याला पाण्याची बाटली दिली. आपल्याला रडू कामून येईना, असं तिच्या मनात आलं आणि गेलं.

दुसऱ्या दिवशी ते जंगम अय्यांकडं गेले. समाधीचे विधी त्यांनीच केले होते. अय्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"उकरू नका," ते म्हणाले. "तो लिंगात मिळाला. तिथं आता शरणबसव न्हाई, माती हाय."

"मग रस्ता गेला तर चालतंय?" सुधारानीनं विचारलं. कितीतरी दिवसांत तिनं आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न होता.

"शास्त्रानं चालतंय," अय्या म्हणाले. "तुला चालतंय का, ते तू सांग, तायी."

तिनं आत कुठं काही दुखतंय का, ते पाहिलं. काही सापडलं नाही.

"जाऊ द्या रस्ता," ती म्हणाली.

"वहिनी, काय बोलायलाव!" गुरुबसव ओरडला. "लोक काय म्हणतील? जमीनच न्हाई विकायची, मी अर्ज मागं घेतो."

"पोरी शिकल्या पायजेत. त्यांच्या अप्पांचंच म्हणणं होतं ते."

विलासनं नवा नकाशा काढला. पार्क कोपऱ्यात गेला, अडतीस प्लॉट पडले. मंजुरी आली. रस्त्याची आणि पार्कची जागा सोडून द्यायचा दस्त करायला ती नोंदणी कचेरीत गेली. फोटोसाठी खुर्चीत बसवून कारकुनानं तिला कॅमेऱ्याकडं बघायला सांगितलं, अंगठा ठेवायला सांगितलं. अंगठ्याचा ठसा उमटेना. तिनं तो पदराला पुसला, पुन्हा ठेवला. तिसऱ्या वेळी उमटला.

कडुलिंब तोडला त्या दिवशी ती गेली नाही. रोलर आला तेव्हा गुरुबसवनं एकट्यानं विभूती आणि बेलपत्र तिथं वाहिलं. गटारं झाली, विजेचे खांब लागले, तसतसे कचेरीनं आधी निम्म्याहून जास्त आणि मग उरलेले प्लॉट विकायला मोकळे केले. पहिला प्लॉट राजेश्वर गावच्या एका मास्तरांनी घेतला. थोरली पोरगी कलबुर्गीला इंजिनिअरिंगला गेली.

पुढच्या पुण्यतिथीच्या आधी धाकटी मंगल म्हणाली, "अम्मा, मला अप्पांची जागा दाखव."

दोघी गेल्या. डांबर नवं होतं, तापलेलं होतं. सुधारानी तिसऱ्या खांबापाशी थांबली, मग चौथ्यापाशी गेली, मग परत आली. कडुलिंब नव्हता, बांध नव्हता. विहिरीवरून अंदाज घ्यावा म्हणून ती वळली, तर रानातली विहीरही बुजवलेली.

"कुठं, अम्मा?"

"मला कळंना," ती म्हणाली. मोठ्यानं म्हणाली. ती रस्त्याच्या मधोमध खाली बसली.

मागून मोटारसायकलवाला हॉर्न वाजवत होता. मंगलनं हात वर करून त्याला थांबवलं.