हळू आवाजातला पहारा

टॉवेलच्या घड्या घालणारी ती बाई भागूबाईंना मुळीच आवडायची नाही. मोबाईलमधल्या व्हिडिओत ती एकटीच बसलेली असायची. टॉवेल अलगद उचलायची, त्यावरून सावकाश हात फिरवायची आणि कानाशी येऊन बोलावं तसं काहीतरी पुटपुटायची. आणि त्यांची सून अपेक्षा कानात हेडफोन घालून हे अर्धा-अर्धा तास बघत बसायची.

"आपल्या घरात टोपलीभर टॉवेल पडलेत की गं," भागूबाई म्हणाल्या. "त्यांच्या घाल की घड्या."

अपेक्षा हसली. पुष्कळ दिवसांनी हसली, म्हणून भागूबाईंनी पुढचं बोलणं गिळलं.

अपेक्षा नर्स होती, एका दवाखान्याच्या आयसीयूत. घरी आली तरी तिथल्या मशिनची टिटिट तिच्या कानात चालूच राहायची. डोळा लागला की तीच दचकवून उठवायची. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, पण गोळ्यांनी येणारी झोप अर्धवटच. मागच्या आठवड्यात इंजेक्शनमध्ये भलत्याच बाटलीतलं औषध भरता भरता तिचा हात ऐन वेळी थांबला. कुणाला काही झालं नाही. पण तिनं रजा टाकली आणि घरात सांगून टाकलं, "सोमवारी राजीनामा देते." लासूर स्टेशनहून रोज रेल्वेनं शहरात ये-जा करून नर्सिंग शिकलेली ही पोर. तिचा नवरा शिवराज त्या दिवशी जेवला नाही.

"त्या बाईनं व्हतंय तरी काय?" भागूबाईंनी विचारलं.

"डोक्यात मुंग्या येतात, आई. चांगल्या मुंग्या. मानेवरून पाठीत उतरतात अन् छातीतली धडधड कमी होते. सगळ्यांना होत नाही म्हणे. हे काही औषध नाही, पण तेवढा वेळ बरं वाटतं."

हे तर भागूबाईंच्या ओळखीचं होतं. बुवा कीर्तनाला उभे राहतात, टाळाची कड टाळाला नुसती टेकवतात, डोळे मिटून पहिलं नाम घेतात, अगदी स्वतःशी घ्यावं तसं. तेव्हा भागूबाईंच्या मानेवरही असंच काहीतरी सरकायचं. वैजापूरकडच्या माहेरी लहानपणी पहिल्यांदा झालं होतं. देवानं पाठीवरून हात फिरवला, असं त्या आजवर धरून चालल्या होत्या.

"मग कीर्तनाला चल माझ्यासंग," त्या म्हणाल्या. "त्या बाईपरीस लई चांगलं हाय."

सिडकोतल्या त्यांच्या कॉलनीच्या विठ्ठल मंदिरात सप्ताह चालू होता. पण यंदा मंडळानं माणसाच्या उंचीचे स्पीकर आणले होते. पखवाजावर पहिली थाप पडली आणि अपेक्षाचा चेहरा पांढरा पडला. कानांवर हात ठेवून ती मांडवाबाहेर गेली.

भजनी मंडळाच्या रत्नमालाबाईंनी ते पाहिलंच. त्यांचा आवाज असा, की माईक नसला तरी पार कॅनॉटच्या बाजारापर्यंत जावा. "भागूबाई, सूनबाईला देवाचं नाव टोचलं वाटतं!"

"नाव नाय टोचलं. तुमचा भोंगा टोचला," भागूबाई म्हणाल्या. पण घरी जाताना त्यांना स्वतःचाच राग आला होता. पोरीला आपण कुठं नेऊन बसवलं!

दुसऱ्या दिवशी दुपारचा पहारा भागूबाईंचा होता. सप्ताहात वीणा खाली टेकवायची नसते. एकानं गळ्यात घेऊन नाम घेत उभं राहायचं, दुसऱ्यानं येऊन ती आपल्या गळ्यात घ्यायची. अपेक्षा सासूसाठी ताक घेऊन आली तेव्हा लाईट गेलेली होती. माईक बंद, पंखे बंद. मंदिरात दोघींशिवाय कुणी नव्हतं.

ऐकायला कुणी नाही म्हटल्यावर भागूबाईही आवाज चढवत नव्हत्या. बोटानं तार नुसती हलवायच्या आणि तार विरत गेली की म्हणायच्या, रामकृष्णहरि. परत तार. परत नाम. अपेक्षा खांबाला टेकून बसली. तिचे खांदे सैल झाले. मग मान कलली. ताकाचा तांब्या तसाच राहिला.

भागूबाईंनी पाहिलं, आणि आवाज आणखी खाली आणला.

पहारा संपत आला. रत्नमालाबाई आल्या. वीणा हातोहात देताना मोठ्यानं जयघोष करायचा, ही त्या मंदिराची रीत. रत्नमालाबाईंनी वीणेला हात लावला, श्वास भरला...

भागूबाईंनी वीणा सोडली नाही. नुसती मान हलवली. डोळ्यांनी खांबाकडं दाखवलं.

"पाय थरथरताहेत की तुमचे, अक्का," रत्नमालाबाई म्हणाल्या.

"थरथरू द्या. पोर झोपलीय. जयजयकार केला तर उठंल."

रत्नमालाबाई झोपलेल्या अपेक्षाकडं बघत राहिल्या. उघड्या तोंडानं, लहान लेकरासारखी झोपली होती ती. मग त्या आधी बटणाशी गेल्या, लाईट आली तर माईक बोंबलू नये म्हणून तो बंद केला. परत आल्या, भागूबाईंच्या पाया पडल्या आणि जयघोष न करताच वीणा गळ्यात घेतली. तार हलली. कॅनॉटपर्यंत जाणारा तो आवाज खांबापर्यंतही जेमतेम पोचला, "रामकृष्णहरि."

थोड्या वेळानं त्यांनी आपल्या मानेमागं हात नेला.

"काय झालं?" भागूबाईंनी खुणेनंच विचारलं.

"काय की बया," रत्नमालाबाई पुटपुटल्या. "मुंग्या आल्यावानी झालं."

अपेक्षा उठली तेव्हा उन्हं मांडवाच्या कडेला आली होती. ती गोंधळून बघत राहिली. "आई, मी झोपले होते?"

"व्हय. घोरत व्हतीस."

घरी येताना अपेक्षा म्हणाली, "गोळ्या चालूच ठेवते. हेड नर्स मॅडमना आयसीयूतून दुसरा वॉर्ड मागून बघते. राजीनाम्याचं चार रात्री नीट झोपले की मग ठरवीन. झोप नसताना काही ठरवायला नको."

जेवणं उरकल्यावर तिनं हेडफोन हातात घेतले. भागूबाईंनी टॉवेलची टोपली ओढली आणि तिच्या शेजारी बसल्या. एक टॉवेल अलगद उचलला, त्यावरून सावकाश हात फिरवला, घडी घातली आणि ओठांतल्या ओठांत नाम घेतलं.

अपेक्षानं हेडफोन बाजूला ठेवले.